पाण्यातील नव्या प्रदूषकांवरील सरकारी संशोधन : समन्वय आधी की बंदी आधी?

ऋजुता (धागालेखिका)

पाण्यातील अतिसूक्ष्म प्रमाणातील रसायने मोजणे हे माझे गेल्या सोळा वर्षांचे काम आहे आणि त्यातून जे मत बनत गेले ते येथे चर्चेसाठी मांडते. ज्या रसायनांना आपल्या निकषांच्या यादीत अद्याप जागा मिळालेली नाही, परंतु जी नद्यांत, विहिरींत आणि माणसांच्या रक्तात सापडू लागली आहेत, त्यांना उदयोन्मुख प्रदूषके म्हणतात. प्रतिजैविकांचे आणि वेदनाशामकांचे अवशेष, न चिकटणाऱ्या तव्यांपासून अग्निशामक फेसापर्यंत वापरली गेलेली पीएफएएस वर्गातील रसायने, प्लास्टिकचे सूक्ष्मकण ही त्यांतील ठळक नावे. त्यांच्यावर आपल्या देशात संशोधन होतच नाही, हे खरे नाही. ते होते, पण विखुरलेले होते, आणि म्हणूनच त्यातून नियम तयार होत नाही.

एकाच पाण्याचा प्रवास पाहा. कारखान्याच्या नळीतून ते नदीत पडते तेव्हा ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अखत्यारीत असते. जमिनीत मुरले की केंद्रीय भूजल मंडळाकडे जाते. घरच्या नळाला आले की त्याला भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०५०० हे मानक लागू होते. माशात किंवा दुधात उतरले की अन्नसुरक्षेचे काम असलेल्या एफएसएसएआयने पाहायचे, माणसाच्या शरीरात गेले की वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने. ते रसायन औषध असेल तर परवाना देणारे खाते आणखी वेगळे, आणि रसायन म्हणून त्याच्या उत्पादनाकडे पाहणारे मंत्रालय त्याहून वेगळे. यांपैकी प्रत्येक ठिकाणी प्रामाणिकपणे काम करणारी माणसे मी पाहिली आहेत. मात्र एका टोकाला सापडलेल्या रसायनाची खबर दुसऱ्या टोकाला कोणी द्यायची, हे कोणाच्याच कर्तव्यात लिहिलेले नाही.

काही वर्षांपूर्वी एका नदीच्या दोन कार्यालयांकडील नोंदी मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. एकाने नमुन्याचे ठिकाण ‘पुलाजवळ’ असे लिहिले होते, दुसऱ्याने नुसते गावाचे नाव दिले होते. एकाचे आकडे मिलिग्रॅममध्ये होते, दुसऱ्याचे मायक्रोग्रॅममध्ये. जेथे काही सापडले नाही तेथे एकाने शून्य घातले होते, दुसऱ्याने रकाना कोरा सोडला होता. आमच्या कामात ‘शून्य’ आणि ‘आमच्या यंत्राला दिसले नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. दोन आठवडे खटपट करूनही ती कोष्टके जुळली नाहीत आणि दोन्हीकडचा खर्च व्यर्थ गेला.

याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातील आहे. हैदराबादजवळच्या पटांचेरू येथे सुमारे ९० औषध उत्पादकांचे सांडपाणी एका सामायिक केंद्रात येत असे. त्या केंद्रातून प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले, असे स्वीडनमधील संशोधकांच्या चमूने २००७ साली प्रसिद्ध केले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. त्यानंतर तेरा वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, पर्यावरण मंत्रालयाने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील १२१ प्रतिजैविकांसाठी मर्यादा सुचवणारा मसुदा काढला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना आली तेव्हा त्या मर्यादा तीतून वगळलेल्या होत्या. मसुद्याच्या मागे देशभरातील मोजमापांचा एक भक्कम, सर्व खात्यांनी मान्य केलेला साठा असता, तर त्या वगळणे इतके सोपे झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. ठरावीक वर्षांनी नव्या प्रदूषकांची यादी काढण्याचे आणि ती देशभर एकाच पद्धतीने मोजण्याचे बंधन कायद्यानेच घालावे, सर्व खात्यांची मोजमापे एकाच खुल्या नोंदवहीत जावीत, आणि त्या नोंदवहीची जबाबदारी एका नावानिशी ठरलेल्या संस्थेवर असावी. अमेरिकेत आणि युरोपीय संघात अशा याद्या आहेत. आपल्याकडे नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून नागपुरात आहे, आणि माणूस, प्राणी व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करण्यासाठी त्याच शहरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली. पाया आहे, त्यावर कायद्याचे बंधन मात्र नाही.

दाभोळकाठ

ऋजुताताई, आपली तळमळ मान्य आहे, पण निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे. आम्हा खाडीकाठच्या लोकांना ‘समन्वय’ या शब्दाची भीती वाटते. आमच्या गावी एका पावसाळ्यापूर्वी मेलेले मासे किनाऱ्याला लागले तेव्हा तीन कार्यालयांनी नमुने नेले आणि तिघांनीही ‘अन्य खात्यांशी समन्वय साधून अहवाल सादर करण्यात येईल’ असेच लेखी उत्तर दिले. ते कागद आमच्या सोसायटीच्या फायलीत आजही आहेत. अहवाल आलेला नाही.

केरळमधील कासारगोडचे एंडोसल्फान हे कीटकनाशक आठवा. तेथील काजूच्या बागांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सन २००० पर्यंत विमानातून फवारणी झाली. मग एकामागून एक समित्या आल्या. एका समितीला दोष दिसला, दुसरीला दिसला नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने २००२ साली आरोग्यावरील दुष्परिणामांकडे बोट दाखवले, तरी पुन्हा समित्या नेमल्या गेल्या. शेवटी १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर बंदी घातली. तेव्हाही सरकारी संस्था होत्याच आणि त्यांचे संशोधनही होते. तेथील बाधित मुलांच्या वाट्याला आलेली वर्षे संशोधनाच्या कमतरतेमुळे गेली नाहीत, ‘अजून थोडे संशोधन होऊ द्या’ या सबबीमुळे गेली.

उलट गिधाडांचे उदाहरण घ्या. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. दोन वर्षे! त्यासाठी राष्ट्रीय नोंदवही लागली नाही, कोणत्या समन्वय मंडळाची वाट पाहावी लागली नाही. पुरावा आला आणि निर्णय झाला.

आता आमच्या दारातला प्रश्न. इटलीतील विचेन्झाजवळच्या मितेनी या पीएफएएस बनवणाऱ्या कारखान्याने तेथील साडेतीन लाख लोकांच्या वस्तीचे पाणी नासवले. कारखाना २०१८ साली दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री पुढे लिलावात एका भारतीय कंपनीच्या उपकंपनीने घेतली आणि ती आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम येथे आली. जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने मितेनीशी संबंधित अकरा अधिकाऱ्यांना दोषी ठरवून एकूण १४१ वर्षांच्या शिक्षा सुनावल्या. त्या यंत्रांनी काय केले याचा अभ्यास एका देशाने न्यायालयाच्या निकालापर्यंत नेलेला असताना आम्ही येथे पुन्हा पहिल्या धड्यापासून कशासाठी सुरुवात करायची? आधी थांबवा, मग सावकाश मोजा. एवढीच माझी मागणी आहे.

पशुवैद्य

दाभोळकाठ यांची वेदना समजते, पण गिधाडांच्या गोष्टीचा त्यांनी सांगितलेला शेवट हा प्रत्यक्षात तिचा मध्य आहे. त्या काळात मी अहिल्यानगर जिल्ह्यात गुरांवर उपचार करत होतो, त्यामुळे पुढचे मी पाहिलेले आहे.

२००६ साली जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद झाले. माणसांसाठीचे बंद होण्याचे कारण नव्हते, तेही योग्यच. परंतु माणसांसाठीचे ते औषध ३० मिलिलिटरच्या मोठ्या कुपीत मिळत असे. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते. मग ३० मिलिलिटरची कुपी कोणासाठी? लंगडणाऱ्या बैलासाठी. औषध दुकानातून ती कुपी निघायची आणि थेट गोठ्यात जायची. पशुसंवर्धन खाते म्हणे, हे माणसांचे औषध आहे, आमच्या कक्षेत नाही. आरोग्य खाते म्हणे, गुरांचा प्रश्न आमचा नाही. वन खात्याच्या हाती गिधाडे होती, पण औषधावर अधिकार नव्हता. ती मोठी कुपी बंद करून एका मात्रेपुरतीच ठेवण्याचा आदेश २०१५ साली निघाला. मधली नऊ वर्षे मोजा.

एवढ्यावरही ते संपले नाही. ॲसिक्लोफिनॅक नावाचे दुसरे वेदनाशामक गुराच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते. म्हणजे एक दार लावले आणि शेजारचे उघडे राहिले. केटोप्रोफेनही गिधाडांना मारक आहे, हे २००९ च्या सुमारास कळले होते. या दोन्ही औषधांवर जनावरांसाठी बंदी आली ती २०२३ मध्ये, आणि निमेसुलाइडची पाळी त्यानंतर आली. दरम्यान पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या नव्वदीच्या दशकाच्या तुलनेत ९९ टक्क्यांहून अधिक घटलेली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मंडळींनी पिंजोरला पिल्ले वाढवून ती जात टिकवून धरली आहे.

आणखी एक बाब या चर्चेत येत नाही, म्हणून लिहितो. रात्री दहा वाजता गाय कासेच्या सुजेने तळमळत असते आणि दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘हे औषध आता बंद आहे’ एवढेच सांगून परत पाठवता येत नाही. बंदी टिकली ती मेलॉक्सिकॅम हे पर्यायी वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ सालीच दाखवले गेले होते आणि पुढे ते स्वस्तात मिळू लागले म्हणून. पर्याय शोधणारा संशोधक, त्याला परवाना देणारे खाते आणि तो गावात पोहोचवणारे खाते एकमेकांशी बोलत नसतील, तर बंदी राजपत्रात राहते आणि जुनी कुपी गोठ्यात राहते. म्हणून मी ऋजुताताईंच्या बाजूने आहे.

सीईटीपी_अभियंता

सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र चालवण्यात माझी नोकरीची बावीस वर्षे गेली. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचले आणि दोन्ही बाजूंना एक प्रश्न विचारावासा वाटतो : मोजल्यानंतर किंवा बंदी घातल्यानंतर आमच्या टाकीत जे येते त्याचे काय करायचे?

आमच्याकडचा मुख्य भाग म्हणजे जिवाणूंची टाकी. हवा सोडायची, जिवाणूंनी सेंद्रिय द्रव्य खायचे, गाळ खाली बसवायचा. पीएफएएसमधील कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध जिवाणूंना तुटत नाही. ते रसायन एका बाजूने येते, काही गाळाला चिकटते, उरलेले दुसऱ्या बाजूने निघून जाते. गाळ धोकादायक कचऱ्याच्या खड्ड्यात जातो, म्हणजे रसायन नाहीसे होत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो. शोषक कोळसा लांब साखळीचे रेणू धरतो, आखूड साखळीचे लवकर सोडतो, आणि भरलेला कोळसा अतिउच्च तापमानाला जाळावा किंवा भाजून पुन्हा वापरात आणावा लागतो.

अमेरिकेने पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या पीएफएएस वर्गातील दोन रसायनांसाठी प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा २०२४ साली ठरवली. आपल्या वाचकांना अंदाज यावा म्हणून गणित करतो : खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा साधारण २ टीएमसी धरला, तर त्या संपूर्ण साठ्यात अशा रसायनाचे सव्वादोनशे ग्रॅम पडले की मर्यादा गाठली जाते. साखरेच्या पावकिलोच्या पुडीहूनही कमी. केंद्राच्या शेवटच्या नळाशी बसून हे पकडणे अशक्यप्राय आहे. शिवाय शंभर छोट्या कारखान्यांचे पाणी एकत्र आल्यावर दोषी कोण, हे शेवटच्या नळावरून कळतच नाही.

त्यामुळे ऋजुताताई, आपल्या नोंदवहीत नदीचे आकडे भरण्यापूर्वी कोणता कारखाना कोणते रसायन किती विकत घेतो आणि किती बनवतो, हे भरावे लागेल. तो कागद उद्योग आणि रसायन खात्यांकडे असतो आणि व्यापारी गुपित म्हणून तो आम्हाला दाखवला जात नाही. पर्यावरणाशी संबंधित खाती तेवढी एकत्र आणून हे सुटेल असे मला वाटत नाही. आणि दाभोळकाठ, सरसकट बंदीचा पहिला फटका त्या दहा-वीस कामगारांच्या युनिटला बसतो, ज्याला आपण घेत असलेल्या पिंपात पीएफएएस आहे हेच ठाऊक नसते.

ओहायोकर

मी मूळचा साताऱ्याचा, गेली एकवीस वर्षे सिनसिनाटीला राहतो. आमच्या नळाला ओहायो नदीचे पाणी येते. नदीच्या वरच्या अंगाला, पार्कर्सबर्गजवळ, ड्युपाँट या रसायन कंपनीने उभारलेला कारखाना आहे, जेथे १९५१ पासून पीएफओए वापरले जात होते. समन्वयाचा अमेरिकी नमुना येथे सारखा सुचवला जातो, म्हणून त्याची खरी कहाणी लिहितो. ती ऋजुताताईंना पूर्णपणे अनुकूल नाही.

पीएफओएमुळे काय होते याचा सर्वांत मोठा पुरावा सरकारी खात्यांच्या समन्वयातून आला नाही. विल्बर टेनंट नावाच्या शेतकऱ्याच्या गाई ओढ्याचे पाणी पिऊन मरू लागल्या, १९९८ साली तो रॉब बिलॉट या वकिलाकडे गेला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या दाव्याच्या तडजोडीत कंपनीच्या पैशाने एक स्वतंत्र वैज्ञानिक मंडळ नेमले गेले. परिसरातील सुमारे ६९,००० लोकांनी रक्त दिले आणि आपल्या आजारांची माहिती लिहून दिली. मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याचा दाह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातील उच्च रक्तदाब या सहा विकारांशी पीएफओएचा संबंध संभवतो, असा निष्कर्ष त्या मंडळाने २०१२ पर्यंत दिला. केंद्रीय खात्यांनी पिण्याच्या पाण्यातील उदयोन्मुख प्रदूषकांचे संशोधन एकत्र करावे, असे काँग्रेसने २०१९ च्या अखेरीस संरक्षण खर्चाच्या कायद्यात घातले आणि त्याचा राष्ट्रीय आराखडा २०२२ साली आला. म्हणजे कारखान्यात वापर सुरू झाल्यानंतर ७१ वर्षांनी.

पण एवढेच लिहून थांबलो तर तेही अर्धसत्य होईल. येथील भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९९९ आणि २००० साली ३० राज्यांतील १३९ ओढे व नद्यांमध्ये औषधे, संप्रेरके आणि घरगुती रसायने मिळून ९५ पदार्थ शोधले आणि ८० टक्के ठिकाणी त्यांतले काही ना काही सापडले. कोणी तक्रार केलेली नव्हती, कोणाच्या गाई मेलेल्या नव्हत्या, तरी त्यांनी पाहिले. दुसरी गोष्ट, पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात १९९६ साली अशी दुरुस्ती झाली की, निकष नसलेल्या कमाल ३० प्रदूषकांची यादी दर पाच वर्षांनी काढून पाणीपुरवठा संस्थांनी ती मोजलीच पाहिजेत. २०१३ ते २०१५ च्या फेरीत त्या यादीत सहा पीएफएएस होती, २०२३ ते २०२५ च्या फेरीत २९. आकडे खुले असतात. माझ्या गावच्या पाण्यात काय आहे हे मी घरबसल्या पाहिले आहे.

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पीएफओए आणि पीएफओएसच्या मर्यादा पाळण्याची मुदत २०३१ पर्यंत वाढवण्याचा आणि अन्य काही पीएफएएसच्या मर्यादा मागे घेण्याचा इरादा जाहीर केला. दोनच महिन्यांनी तिने आपला संशोधन विभागच गुंडाळण्याची घोषणा केली. समन्वयाच्या समितीला सरकार बदलले की मोडता येते. कायद्याने मोजून खुले केलेले आकडे मात्र परत घेता येत नाहीत. म्हणून ऋजुताताई, आपल्या प्रस्तावातील ‘एक जबाबदार संस्था’ यापेक्षा ‘कायद्याने बंधनकारक मोजणी’ हा भाग मला शंभर पटींनी महत्त्वाचा वाटतो. अभियंतासाहेबांसाठीही एक नोंद करतो : सिनसिनाटीच्या जलशुद्धीकरण केंद्रात १९९२ पासून शोषक कोळशाची गाळणी आहे. ती बसवली तेव्हा पीएफएएसचे नाव कोणी घेत नव्हते, नदीतली इतर सेंद्रिय रसायने काढण्यासाठी ती होती. आज तीच उपयोगी पडते.

दाभोळकाठ

डॉक्टरांनी गिधाडांबद्दल लिहिलेले मला माहीत नव्हते आणि त्या मुद्द्यावर मी माघार घेतो. २००६ ची बंदी हा शेवट नव्हता.

मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. पीएफओएस हे स्टॉकहोम करारात, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय करारात, २००९ साली आले, पीएफओए २०१९ साली. भारत त्या कराराचा २००६ पासून सदस्य आहे. परंतु नव्याने जोडलेले प्रत्येक रसायन आपण स्वतंत्रपणे स्वीकारल्याशिवाय आपल्यावर बंधनकारक होत नाही, अशी सवलत आपण घेतलेली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२० साली ज्या सात रसायनांना मान्यता दिली, त्यांत ही दोन्ही नाहीत. जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून केलेले, सरकारांनी मान्य केलेले संशोधन हाताशी आहे. याहून मोठा समन्वय कोणता असतो? तो स्वीकारायला नोंदवही लागत नाही, एक सही लागते. अभियंतासाहेब छोट्या युनिटांची काळजी करतात ती योग्य आहे, पण आमच्या खाडीत जाळे टाकणाऱ्या माणसाचे युनिट त्याहूनही छोटे असते, एक होडी आणि दोन माणसे. त्याला तर आपल्या जाळ्यात काय आले हे कधीच कळणार नाही.

ऋजुता

सर्वांचे आभार. काही ठिकाणी मला माझे म्हणणे दुरुस्त करावे लागेल, काही ठिकाणी ते मी अधिक ठामपणे मांडणार आहे.

स्टॉकहोम कराराच्या बाबतीत दाभोळकाठ यांचे म्हणणे मला पूर्णतः मान्य आहे. पीएफओए आणि पीएफओएस घातक आहेत की नाहीत, हा प्रश्न आता संशोधनाचा राहिलेला नाही आणि त्यांच्यासाठी माझ्या नोंदवहीची वाट पाहण्याचे कारण नाही. ओहायोकर यांचा कायदेशीर बंधनाचा मुद्दाही मी पहिल्या क्रमांकावर घेते. पाणीपुरवठा संस्थांना मोजणे बंधनकारक झाले की संस्थांचे आपसांतले मानापमान गौण ठरतात.

परंतु ‘आधी थांबवा, मग मोजा’ यात एक अडचण आहे. पीएफएएस हा हजारो रसायनांचा वर्ग आहे. दोन नावांवर बंदी आली की उद्योग तिसऱ्या नावाकडे वळतो आणि ते तिसरे नाव कोणत्याच यादीत नसते. डॉक्टरांनी सांगितलेली ॲसिक्लोफिनॅकची गोष्ट हीच आहे. तिसरे रसायन आपल्या पाण्यात आले आहे हे कोणी सांगायचे? इटलीचे उदाहरण आपण दिलेत, तर हेही नोंदवते की, विचेन्झा ज्या वेनेतो प्रांतात आहे तेथील ते प्रदूषण उजेडात आले ते २०१३ साली, तेथील पर्यावरण मंत्रालय आणि राष्ट्रीय संशोधन परिषद यांनी मिळून केलेल्या नद्यांच्या पाहणीतून. त्या पाहणीनंतर न्यायालयाचा निकाल लागण्यास बारा वर्षे लागली, परंतु पाहणीच झाली नसती तर ते लोक आजही तेच पाणी पीत असते.

मोजणे म्हणजे काय, हेही एकदा जवळून सांगते. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आम्ही कोकणात पीएफएएससाठी नमुने घेत होतो. पाऊस मुसळधार होता आणि आम्हा चौघांना रेनकोट काढून ठेवावे लागले, कारण पाणी न शोषणाऱ्या कापडावर बहुधा याच रसायनांचा लेप असतो आणि त्यावरून ओघळलेला एक थेंब नमुना बिघडवतो. वारंवार धुतलेले सुती कपडे, टेफ्लॉनचे अस्तर नसलेल्या झाकणाच्या बाटल्या, साध्या कागदाची वही आणि पेन्सिल. सोबतच्या मुलाने सकाळी तेलकट कागदातला वडा खाल्ला होता, म्हणून त्याला बाटल्यांपासून दूर उभे केले. प्रत्येक ठिकाणी प्रयोगशाळेतून आणलेल्या शुद्ध पाण्याची एक बाटली उघडून तेथेच पुन्हा बंद करायची, म्हणजे आम्हीच काही मिसळले का ते नंतर कळते. मग बर्फाच्या पेटीत ठेवून रात्रभर प्रवास. त्या खेपेला ती शुद्ध पाण्याची बाटलीच दूषित निघाली आणि सर्व नमुने टाकून द्यावे लागले. ज्या कार्यालयाकडे ही शिस्त लिहून दिलेली नाही, त्याचा आकडा न्यायालयात एका उलटतपासणीत कोसळतो. मला समन्वय हवा आहे तो यासाठी. बाटली कोणती, झाकण कोणते, ‘दिसले नाही’ कसे लिहायचे, हे सर्वांचे एक असावे.

अभियंतासाहेब, कारखान्यांच्या खरेदीचा कागद नोंदवहीत आलाच पाहिजे, हे मी प्रस्तावात नव्याने घालते. तो नसेल तर आम्ही नदीत काय शोधायचे हेच ठरत नाही, आणि अंधारात हजारो रसायने चाचपणे कोणत्याही प्रयोगशाळेला परवडणारे नाही. छोट्या युनिटांना पिंपात काय आहे हे ठाऊक नसते असे आपण म्हणता, तर पिंप विकणाऱ्यावर ते लिहिण्याची सक्ती असावी.

सीईटीपी_अभियंता

पिंप विकणाऱ्यावर सक्ती असेल तर माझा विरोध राहत नाही. नमुना मात्र आमच्या शेवटच्या नळावर घेऊ नका, प्रत्येक कारखान्याच्या फाटकातील चेंबरवर घ्या, आणि तोही आगाऊ न कळवता.

दाभोळकाठ

सहीची मागणी मी सोडलेली नाही, तिच्यासाठी आमच्याकडून निवेदन जाईल. पण मोजणार असाल तर ताई, एक गोष्ट आमच्याकडून घ्या. खाडीतला नमुना भरतीला घेऊ नका. भरतीला समुद्राचे पाणी आत शिरते आणि सगळे पातळ होते. अमावास्येच्या आसपास, ओहोटी संपता संपता, पाणी उतरून चिखल उघडा पडतो तेव्हा या. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात. होडी आम्ही देऊ, आणि होडीवर रेनकोट घातलेला कोणी नसेल याची काळजी घेऊ.